पहिल्या सरीवर पेरू नये

‘देव बोलला, हे कळतं कसं?’ जालना-बीडकडे ख्रिस्ती प्रार्थना सभेनंतर चहा घेताना हे हमखास विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादा निर्णय अडलेला असतो: मुलीचं स्थळ, पुण्याची नोकरी, विकायला काढलेली जमीन. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मृगाच्या पहिल्या सरीवर आपल्याकडचा जाणता शेतकरी पेरत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेली की मग तिफण धरतो. घाई केली आणि पावसानं ओढ दिली, तर दुबार पेरणी ठरलेली. सभेत गाणी रंगली, डोळे भरून आले आणि ‘प्रभूनं सांगितलं’ म्हणून त्याच रात्री राजीनामा लिहिला, तर तो असाच पेरा. डोळ्यांतलं पाणी खरंच असतं. ओल किती खोल गेली, ते मात्र अजून कळायचं असतं.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात ही पारख कशी करायची याचे नियमच लिहून ठेवले. 1521 मध्ये स्पेनमधल्या पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना एक गोष्ट जाणवली. दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण मागाहून मन कोरडं पडायचं. संतांच्या वाटेनं जायचा विचार केला की समाधान नंतरही टिकायचं. म्हणजे विचार येताना कसं वाटलं एवढंच नाही, तो ओसरल्यावर काय उरलं तेही पाहायचं. त्यांचा पाचवा नियम मला सगळ्यांत उपयोगी वाटतो: मन उदास, कोरडं असताना आधी नीट घेतलेला निर्णय बदलायचा नाही. कर्जाचा तगादा लागला असताना किंवा घरात भांडण झाल्यावर नेमकं उलट होतं.

त्यांनी चार रकानेही सांगितले आहेत. हे केलं तर फायदे, केलं तर तोटे. नाही केलं तर फायदे, नाही केलं तर तोटे. वहीत लिहा, तेही तराजूचा काटा मधोमध राहू दे अशी प्रार्थना करून. पहिला रकाना पानभर आणि दुसरा कोरा राहिला, तर निर्णय आधीच झालेला आहे आणि आपण देवाची फक्त सही मागतोय, एवढं ओळखावं. तसं असेल तर वही आठवडाभर मिटून ठेवा.

‘उद्या दहाच्या आत फोन आला तर देवाची इच्छा’ असं ठरवणारे बायबलमधल्या गिदोनाच्या लोकरीचा दाखला देतात: रात्री खळ्यात ठेवलेल्या लोकरीवरच दव पडावं, अशी खूण त्यानं देवाकडे मागितली होती. बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाचा. काय करायचं ते देवानं गिदोनाला आधीच सांगितलं होतं. लोकर त्याच्या शंकेपोटी होती, आणि एकदा करून त्याचं भागलं नाही. 31 डिसेंबरला नव्या वर्षासाठी काढलेली बायबल-वचनाची चिठ्ठीही धीर द्यायला चांगली. तिच्यावर जमीन विकू नये.

दुसरा कुणी ‘तुझ्यासाठी देवाचा संदेश आहे’ म्हणाला, तर पारख आणखी कडक हवी. भाकीत खरं ठरलं एवढ्यानं भागत नाही. चिन्ह खरं होऊनही माणूस देवापासून दूर नेऊ शकतो, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात स्पष्ट आहे. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौल पत्रात सांगतो की दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी तो तोलावा. म्हणून खोलीत एकट्याला गाठून ‘पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) सांगू नको’ म्हणत दिलेला संदेश तिथंच संशयास्पद होतो. ‘डिडाखे’ या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती पुस्तिकेची कसोटी तर रोखठोक आहे: आत्म्याच्या नावानं स्वतःसाठी पैसे मागणारा खोटा.

तपासणं म्हणजे अविश्वास, असं काहींना वाटतं. बिरुया गावच्या लोकांनी पौलाचं बोलणं उत्सुकतेनं ऐकलं आणि ते खरं आहे का, हे रोज शास्त्रात शोधलं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे.

एका संदेशासाठी मात्र वही, रकाने, आठवडा काहीच लागत नाही: ‘साखरेच्या, बीपीच्या गोळ्या बंद कर, विश्वास ठेव.’ पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. गोळी वेळेवर घ्या, प्रार्थनाही करा, आणि हा संदेश कुणी दिला ते त्याच दिवशी पाळकांच्या कानावर घाला.