तिसऱ्या कडव्यानंतर विश्रांती

अलास्कातल्या बेथेलच्या हॉस्पिटलात माझ्या वाट्याला आलेल्या एका फायलीवर आधीच्या फिजिओथेरपिस्टने शेरा मारून ठेवला होता: 'घरी व्यायाम करत नाही. वारंवार गैरहजर.' पेशंट सत्तरीतले आजोबा, युपिक, म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजातले. नोव्हेंबरात घराबाहेरच्या फळ्यांवर बर्फावरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. कोलिस फ्रॅक्चर, म्हणजे मनगटाजवळचं हाड मोडणं. हाड नीट जुळलं, पण प्लास्टर निघाल्यावर मनगट आखडून बसलं.

गैरहजेरीचं कारण इथे कुणीही सांगेल. अलास्काच्या या नैऋत्य कोपऱ्यात गावांना जोडणारा रस्ताच नाही. कुस्कोक्विम नदी पक्की गोठली की तिच्यावरून गाड्या धावतात, पण लांबच्या गावांना छोटं विमान हाच आधार. धुकं उतरलं की तेही बंद. कॉम्प्युटरात मात्र 'विमान उडालं नाही' असा रकानाच नाही, त्यामुळे पेशंट गैरहजर ठरतो. तीन-तीन महिन्यांच्या करारावर येणारे आमचे लोक तो शेरा खरा मानतात, पुढच्याच्या हाती देतात आणि निघून जातात. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून फेब्रुवारीत गावाच्या फेरीवर मीच गेले. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर नसतो. गावातलीच प्रशिक्षित हेल्थ एड सगळं बघते, आणि पेशंट तिला आमच्यापेक्षा जास्त कळतो. मी सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर बाहेर काढला तर ती म्हणाली, "आत्ता नको. संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये या, अपा तिथेच भेटतील." अपा म्हणजे आजोबा. गावातली सगळी पोरं त्यांना तेच म्हणतात.

डिसेंबरात इथला दिवस साडेपाच तासांच्या आसपास. त्यात बाहेर निसरडं, त्यामुळे 'रोज अर्धा तास चाला' हा आमचा सल्ला कागदावरच राहतो. पूर्वी हिवाळ्यात पुरुषमंडळी कासगिक नावाच्या सामाईक घरात जमायची. हत्यारं घडवणं, पोरांना ताकदीचे खेळ शिकवणं, नाच, सगळं तिथेच व्हायचं. आता बऱ्याच गावांत ते काम शाळेचं जिम करतं.

जिमच्या एका टोकाला मुलं अँकरेजच्या नेटिव्ह यूथ ऑलिम्पिक्सची तयारी करत होती. 1970च्या दशकापासून चालत आलेली स्पर्धा. दोन मुली तळव्याला तळवा लावून जमिनीवर बसल्या होत्या आणि मधली काठी आपापल्याकडे खेचत होत्या. बर्फातल्या भोकातून सील वर ओढायची ही तालीम. पाठ, मांड्या, पकड, सगळ्याचा कस लागतो. हरलेलीला जिंकलेलीच पाय कसे रोवायचे ते दाखवत होती.

दुसऱ्या टोकाला युराक, म्हणजे युपिक नाच. पुढे पुरुष गुडघ्यांवर, हातात पिसांचे पंखे. मागे बायका उभ्या, त्यांचे पंखे गवताचे, कडेला कॅरिबू हरणाचे केस. वाजवणाऱ्यांच्या ओळीत आमचे आजोबा, डाव्या हातात आपल्या डफासारखं वाद्य. फरक इतकाच की त्याला मूठ असते, आणि लांब बारीक काडीने ते वाजवतात.

मी त्या मनगटावरून नजर हलवली नाही. मूठ घट्ट, मनगट किंचित मागे, आणि वरून काडीचा ठोका बसला की तेवढा भार मनगटाने तोलून धरायचा. ताणायची रबरी पट्टी आणि मुठीत दाबायची मऊ पुट्टी देऊन आम्ही जी स्थिर पकड मागतो, ती हीच. दोन गाण्यांच्या मध्ये ते पंखा घेऊन एका नातवाला हात दाखवायचे, तेव्हा तळवा वर-खाली पूर्ण फिरायचा. कडव्यागणिक ठोका जोरकस होत जातो, लोक 'पाम्युआ!' ओरडतात आणि गाणं पुन्हा सुरू होतं. तिसऱ्या कडव्यानंतर आजोबांनी वाद्य मांडीवर ठेवलं. गाणं चालूच.

"दुखायला लागलं की थांबता का?" मी नंतर विचारलं.

"दुखायच्या आधी. मी थांबलो म्हणून गाणं थोडंच थांबतं? बाकीचे आहेत ना."

मग मोजमाप घेतलं. फायलीत मनगट मागे वळायचं 30 अंश, आता 55. तळवा वर फिरायचा 45, आता 75. पकड अजून उजव्या हाताच्या निम्मीच आहे, ते त्यांनाही ठाऊक होतं.

बेथेल 1885 मध्ये मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी वसवलं, आणि पुढे या भागातल्या कित्येक गावांत नाच बंद पाडला गेला. आजोबांच्या लहानपणी त्यांच्या गावात वाद्य नव्हतंच. चाळिशीत, शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून शिकले. सांगताना त्यांनी पुट्टीचा डबा न उघडलेला परत दिला. "हे दाबून कुणाला काय मिळतं?" हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही आधी अवयव बघतो आणि मग त्याला काम शोधतो. त्यांच्याकडे काम आधीच होतं, आणि दमलेल्या हाताला विसावा द्यायची सोयही त्यातच होती.

प्लॅनमध्ये मी लिहिलं: वादन, बसून, रोज. तीन कडवी, मग विश्रांती. दर आठवड्याला एक कडवं वाढवणे. सूज आल्यास हेल्थ एडला दाखवणे. वरून विचारणा आली की सेट आणि रिपिटिशन भरा, कडवी चालणार नाहीत. एका कडव्यात ठोके किती हे मोजून रकाना भरता येईल, पण मला ते करायचं नाही. अंशांचे दोन्ही आकडे शेजारी मांडून उत्तर पाठवलंय. अजून कुणी काही बोललेलं नाही.

वसंतात बेथेलला चमाई नृत्यमहोत्सव असतो. त्याआधी आजोबांची तारीख लावली आहे, आणि शेऱ्याच्या जागी आत्ताच लिहून ठेवलंय: पेशंट न आल्यास आधी विमानाची चौकशी करावी.