मलावीत बारा दिवस: लिलाँग्वेपासून केप मॅक्लिअरपर्यंत

मलावीत गाडी ठरवताना भाड्याच्या आधी टाकीचं विचारा. टाकी भरलेली आहे का, नसेल तर डिझेल कुठून आणणार, आणि पंपावर रांगेत अर्धा दिवस गेला तर तो कोणाच्या हिशोबात धरायचा, हे निघण्याआधी बोलून घ्या. २०२४ आणि २०२५ मध्ये इंधनाची टंचाई पुन्हा पुन्हा झाली. कारण नकाशात आहे. देशाला समुद्र नाही. पेट्रोल-डिझेल येतं ते मोझांबिकच्या बैरा आणि नकाला बंदरांतून किंवा टांझानियातल्या दार-ए-सलामहून, आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. डॉलर मिळवून देणारं मुख्य पीक तंबाखू, आणि त्याचे लिलाव सुरू होतात एप्रिलच्या सुमारास. त्याआधीच्या पावसाळी महिन्यांत परकीय चलन आटतं आणि पंप कोरडे पडतात. म्हणून मे ते ऑगस्ट हा काळ धरा. हवा थंड आणि कोरडी, रस्ते सुके, आणि इंधन मिळण्याची शक्यता त्यातल्या त्यात बरी. टाकी अर्ध्यावर आली आणि पंप चालू दिसला की भरून घ्यायची. रस्त्याकडेला बाटल्यांत विकतात ते घेऊ नका, भेसळीने इंजिन बसतं.

मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे लिलाँग्वेला जाता येतं. दोन्ही वाटांवर पिवळ्या तापाच्या लशीचा प्रश्न येतो. इथिओपिया आणि केनिया या तापाच्या यादीत आहेत. तिथे १२ तासांहून जास्त थांबलात तर मलावीत दाखला मागतात. त्याहून कडक तपासणी परतताना आपल्याकडे होते. दाखला नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तर सूट आहे, पण ती देणं आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात आहे. लस घेऊन मोकळं व्हा. दाखला लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. व्हिसाचे नियम २०२४ पासून अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे कोणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका. तिकीट काढण्याआधी मलावीच्या इमिग्रेशन खात्याच्या ई-व्हिसा पानावर किंवा दिल्लीतल्या उच्चायुक्तालयात विचारा.

पैशांचं गणित असं. चलन क्वाचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचं ४४ टक्के अवमूल्यन झालं आणि २०२५ मध्ये सरकारी दर डॉलरला सुमारे १,७५० होता. सर्वांत मोठी नोट ५,००० ची, म्हणजे १०० डॉलर मोडले की ३५ नोटा हातात येतात. नेहमीचं पाकीट पुरत नाही, चेनची सपाट पिशवी लागते. रस्त्यावर दर खूप जास्त सांगतात, पण तो व्यवहार बेकायदा आहे आणि नोटा मोजताना हातचलाखी होते. बँकेत किंवा परवानाधारक ब्युरोत मोडा. डॉलर नवे, न दुमडलेले न्या. २०१३ च्या आधीच्या छपाईच्या नोटा बरेच जण नाकारतात. लॉज आणि अभयारण्यं सोडली तर कार्ड धरूनच चालू नका. एअरटेल किंवा टीएनएमचं सिम पासपोर्ट दाखवून घ्या. मोबाइलवरून पैसे देणं खेड्यातही चालतं. प्लग इंग्लंडसारखा तीन चौकोनी पिनांचा आहे, आपला बसत नाही. घड्याळ साडेतीन तास मागे करा.

मार्ग असा: लिलाँग्वे २ दिवस, डेड्झा १, ब्लँटायर १, मुलान्जे ३, झोंबा १, लिवोंडे (अभयारण्य) २, केप मॅक्लिअर (मलावी सरोवराच्या काठी) २. उत्तरेकडचं न्यिका पठार यात नाही. त्याला वेगळे पाच दिवस हवेत, कोंबू नका. देश उत्तर-दक्षिण साधारण ८५० किलोमीटर लांब आणि चिंचोळा आहे. क्षेत्रफळ १,१८,४८४ चौरस किलोमीटर, त्यातला पाचवा हिस्सा पाणी.

लिलाँग्वे १९७५ मध्ये राजधानी झाली. त्याआधी झोंबा होती. शहरातल्या वस्त्यांना नावांऐवजी आकडे आहेत, आणि ते वस्ती बसवली गेली त्या क्रमाने दिलेले, जागेच्या क्रमाने नाहीत. एरिया २ च्या पुढे एरिया ३ असेलच असं नाही. पत्ता विचारताना आकड्याबरोबर जवळची खूण घ्या. एरिया २ म्हणजे जुन्या गावातली बाजारपेठ. तिथे मूळच्या गुजराती कुटुंबांची दुकानं आहेत आणि डाळ, तांदूळ, मसाला सगळं मिळतं. वाटेवरचा शिधा इथेच भरा. संसद आणि मंत्रालयं लिलाँग्वेत, पण उच्च न्यायालयाचं मुख्य ठाणं ब्लँटायरला, ही विभागणी ध्यानात ठेवा.

या देशाच्या राज्यकारभाराबद्दल थोडं वाचून जा, कारण मिनीबसमध्ये लोक तुमच्याशी त्यावर बोलतातच. ६ जुलै १९६४ ला स्वातंत्र्य, १९६६ ला प्रजासत्ताक, आणि मग हेस्टिंग्ज कामुझु बांडा यांची एकपक्षीय राजवट. १९९३ च्या सार्वमतात लोकांनी ती नाकारली आणि १९९४ मध्ये बाकिली मुलुझी निवडून आले. खरी अभिमानाची गोष्ट पुढची. २०१९ च्या निवडणुकीतल्या निकालपत्रकांवर पांढऱ्या खोडरंगाने आकडे बदललेले निघाले. महिनोन् महिने मोर्चे निघाले, आणि ३ फेब्रुवारी २०२० ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने, अंगात बुलेटप्रूफ जाकिटं घालून न्यायालयात येऊन, ती निवडणूक रद्द केली. निम्म्याहून जास्त मतं मिळाल्याशिवाय राष्ट्राध्यक्ष नाही, असंही ठरवलं. फेरनिवडणुकीत सत्तेवर असलेले पीटर मुथारिका हरले आणि लाझारस चाक्वेरा आले. सप्टेंबर २०२५ मध्ये चाक्वेरा हरले आणि मुथारिका सुमारे ५७ टक्के मतं घेऊन परतले. दोन्ही वेळा खुर्ची शांतपणे रिकामी झाली. इतक्या गरीब देशात संस्था इतक्या ताठ उभ्या राहतात, हे मलावीत बघण्यासारख्या गोष्टींत मी वरच्या जागी ठेवेन. जिल्हे २८. गावपातळीवर मात्र वजन मुखियाचं: गावाचा मुखिया, त्यावर गटमुखिया, त्यावर 'टीए', म्हणजे ट्रॅडिशनल ऑथॉरिटी. डांबरी रस्ता सोडून खेड्यात राहायचं, चित्रण करायचं, तर आधी मुखियाला भेटा.

लिलाँग्वेहून एम-१ रस्त्याने दक्षिणेकडे. ब्लँटायर साधारण ३१० किलोमीटर, पाच तास धरा. वाटेत डेड्झाजवळ चोंगोनीची शैलचित्रं आहेत, १२७ जागा, २००६ पासून जागतिक वारशात. पांढऱ्या मातीने काढलेली चित्रं चेवा लोकांची, त्याआधीची लाल रंगातली शिकारी-वेचक लोकांची. जागा विखुरलेल्या आहेत, वाटाड्या घ्या. डेड्झा ते न्चेऊ या टापूत रस्ता हीच सरहद्द आहे. उजव्या हाताची दुकानं मोझांबिकची, डाव्या हाताची मलावीची, आणि मधे डांबर. तिथे गंमत म्हणून पलीकडे जाऊ नका, पासपोर्टावर शिक्का नसताना पोलिसांनी अडवलं तर निस्तरणं जड जातं.

पोलिसांची नाकी वाटेवर पुष्कळ आहेत. लायसन्स, आंतरराष्ट्रीय परवाना, विमा आणि दोन परावर्तक त्रिकोण गाडीत असू द्या. वस्तीत वेगमर्यादा ५० ची, आणि वेग मोजणारी बंदूक घेऊन शिपाई नेमका उतारावर बसलेला असतो. दंड झाला तर छापील पावती मागा. अंधार पडला की गाडी चालवू नका. दिव्याविना सायकली, कोळशाच्या पोत्यांनी तिप्पट रुंद झालेल्या सायकली, बैलगाड्या आणि बंद पडलेले ट्रक रस्त्यावरच असतात. रस्त्यात झाडाच्या ताज्या फांद्या ओळीने टाकलेल्या दिसल्या की पुढे बंद पडलेलं वाहन आहे असं समजून लगेच वेग कमी करा.

मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही, मग दोन तास लागोत. सकाळी सहाला जा. पुढे 'माटोला', म्हणजे मालाच्या पिकअपवर बसून, आणि शेवटचे दोन-चार किलोमीटर 'काबाझा', म्हणजे सायकल किंवा मोटरसायकलचं भाडं. काबाझावर बसण्याआधी भाडं ठरवा.

ब्लँटायरहून थ्योलोच्या चहामळ्यांमधून मुलान्जे. तीन दिवसांखाली इथे येऊच नका. सपाट प्रदेशातून एकदम उठलेला ग्रॅनाइटचा डोंगर, सर्वांत उंच शिखर सापिट्वा ३,००२ मीटर. २०२५ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लिखुबुला वनठाण्यावर नोंद करा, तिथूनच वाटाड्या आणि हमाल घ्या. ठाण्यातल्या पाळीच्या यादीतला घ्या, फाटकाबाहेर गाठणारा नको. पहिल्या दिवशी चांबे झोपडी, चार तास उभी चढण. दुसऱ्या दिवशी चिसेपो. तिथून पहाटे निघून सापिट्वा करून त्याच दिवशी परत, सहा ते आठ तास. झोपडीत रखवालदार लाकूड-पाणी देतो. जेवण, झोपायची पिशवी आणि विजेरी आपली. मे ते ऑगस्टमध्ये 'चिपेरोनी' येतं, मोझांबिककडून येणारं गार धुकं आणि रिमझिम, कधी सलग चार-पाच दिवस. ओला ग्रॅनाइट शेवाळलेल्या घाटपायरीसारखा निसटतो. सापिट्वाच्या वरच्या टप्प्यात मोठ्या दगडांखालून सरपटत वाट आहे, तिथे धुक्यात माणसं हरवली आहेत. वाटाड्या नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका. राखीव दिवस असेल तर थांबा, नसेल तर उतरा. मुलान्जे सिडारच्या कोरीव पेट्या विकायला येतील. घेऊ नका. चोरट्या तोडीने त्या झाडांची मोठी खोडं डोंगरावर जवळजवळ उरली नाहीत.

या दक्षिण भागात मक्याच्या कणसांची काढणी एप्रिल-मेमध्ये उरकते आणि मग शेतात उभी राहते ती तूर. तिकडे तिला 'नांदोलो' म्हणतात. मक्यातच पेरलेली, जुलै-ऑगस्टमध्ये निघणारी. आपली नवी तूर बाजारात यायला तेव्हा अवकाश असतो. २०२१ मध्ये भारताने पाच वर्षं दरसाल ५०,००० टन मलावीची तूर घेण्याचा करार केला तो यासाठीच. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात येणारा मलावी हापूसही इथलाच, आणि त्याची कलमं मूळची आपल्या कोकणातली.

खाणं म्हणजे न्सिमा: पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, पळीने पाडलेले तीन-चार गोळे. हात धुवायला तांब्या येतो. उजव्या हाताने घास तोडून तळव्यात गोल करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि 'न्दिवो' म्हणजे कालवणात बुडवायचा. शाकाहाऱ्यांनी 'न्येंबा' (घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे) किंवा 'न्खवानी' मागावं. न्खवानी म्हणजे भोपळ्याचा पाला, दाण्याचं कूट लावून शिजवलेला. आपल्याकडच्या जेवणाऱ्याला तो पहिल्या घासाला आवडतो. 'उसिपा' घातला नाही ना, हे विचारा. ती सुकवलेली बारीक मासळी असते.

बोलण्याची रीत चुकवू नका. इथल्या चिचेवा भाषेत आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे: 'इवे' आणि 'इनु'. मोठ्या माणसाला 'इवे' म्हणणं उद्धटपणा. काहीही विचारण्याआधी 'मुली ब्वांजी', म्हणजे कसे आहात, आणि उत्तर ऐकून मगच पुढे. घराच्या अंगणाशी थांबून 'ओदी' अशी हाक द्यायची. 'आम्वेन्ये' अशी हाक ऐकू आली तर ती भारतीय माणसासाठी आहे, शिवी नव्हे.

झोंबाचं पठार एका दिवसात चालून होतं. लिवोंडे गावात रस्ता शिरे नदीवरच्या कामुझु बंधाऱ्यावरूनच जातो. सरोवरातून बाहेर पडणारी ही एकच नदी, आणि देशाची बरीचशी वीज तिच्याच खालच्या टप्प्यांवर तयार होते. सरोवराची पातळी उतरली की ब्लँटायरमधले दिवे जातात, ते यामुळे. जानेवारी २०२२ च्या वादळात कापिचिरा केंद्राचा बांध फुटला तेव्हा देश महिनोन् महिने अंधारात चाचपडत होता. पॉवर बँक दोन ठेवा. अभयारण्यात सकाळी होडीने जा. हत्ती, पाणघोडे, मगरी पाण्यावरूनच जास्त जवळ दिसतात.

शेवटी सरोवर. ५८० किलोमीटर लांब, ७०० मीटर खोल, आणि गोड्या पाण्यातल्या माशांच्या इतक्या जाती जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सरोवरात नाहीत. केप मॅक्लिअरला खडकांजवळ तोंडावर काचेचा मुखवटा लावून नुसतं पालथं तरंगा, हातभर अंतरावर निळे-पिवळे 'म्बुना' मासे दगडावरचं शेवाळ खरवडताना दिसतात. मात्र पाण्यात बिलहार्झिया आहे. गोगलगायींतून बाहेर पडणारी अळी अखंड कातडीतूनही शिरते. लव्हाळ्यांच्या काठाशी आणि वस्तीसमोर उतरू नका, होडीने खडकाळ बेटाकडे जा, बाहेर येताच टॉवेलने खसखसून पुसा. तरी लागण होऊ शकते, आणि लगेच तपासून ती दिसत नाही. दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासा. प्राझिक्वांटेल हे औषध त्यावर चालतं, मात्रा डॉक्टर वजनावर ठरवतात.

हिवतापाच्या गोळ्या परतल्यावर मधेच सोडू नका: अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आणखी ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे. आणि पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसताच पहिलं वाक्य 'मलावीहून आलोय' हे असू द्या, म्हणजे फॅल्सिपॅरमची, हिवतापाच्या सर्वांत घातक प्रकाराची, तपासणी त्याच दिवशी होते.