बीसी-४५९ : हीटर पेटले, मॅजिक आय बोलू लागली

मंडळी, मागच्या नोंदीनंतर काम बरंच पुढे सरकलंय. बीसी-४५९-ए हा दुसऱ्या महायुद्धातला विमानी रेडिओ ट्रान्समीटर आता २४ व्होल्टवर तापतो, आणि डायल ८ मेगाहर्ट्झच्या खुणेजवळ नेली की वरच्या झाकणाच्या झरोक्यातून मॅजिक आयची (जुळणी दाखवणाऱ्या चमकत्या व्हॉल्व्हची) सावली हलताना स्पष्ट दिसते. आतल्या ८००० किलोहर्ट्झच्या क्रिस्टलशी (नेमकी फ्रिक्वेन्सी देणाऱ्या स्फटिकाशी) ऑसिलेटर, म्हणजे लहरी निर्माण करणारा भाग, जुळला, याची ती खूण. ऐंशी वर्षांनंतरही डायल आणि क्रिस्टल यांचं इतकं जमतंय, हे पाहून फार आनंद झाला.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडं सांगतो. अमेरिकी लष्कराच्या एससीआर-२७४-एन या कमांड सेटमधला, म्हणजे विमानातल्या रेडिओ संचातला, हा एक ट्रान्समीटर. न्यू जर्सीतल्या बूंटनच्या एअरक्राफ्ट रेडिओ कॉर्पोरेशनचं मूळ डिझाइन. बीसी-४५७ ला ४ ते ५.३ मेगाहर्ट्झ, ४५८ ला ५.३ ते ७ आणि आपल्या ४५९ ला ७ ते ९.१, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा ४० मीटरचा बँड आयताच हाती येतो. बी-१७ बॉम्बरमध्ये हे सेट होते, आणि आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या सी-४७ मालवाहू विमानांमध्येही.

उघडून पाहिलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. हा सेट वैमानिकाच्या हाताजवळ बसवायचा नव्हताच. जमिनीवर फ्रिक्वेन्सी लावायची, डायल लॉक करायची, आणि हवेत वैमानिकानं दूरच्या कंट्रोल बॉक्सवरून फक्त कुठला ट्रान्समीटर हवा ते निवडायचं. ब्रिटिशांचा मार्कोनी टी११५४ ट्रान्समीटर याच्या अगदी उलट. लँकेस्टर बॉम्बरमध्ये त्याच्यासमोर वायरलेस ऑपरेटर बसलेला असायचा, म्हणून पुढच्या पॅनेलवर निळ्या, लाल, पिवळ्या रंगांची मोठमोठी नॉब : निळी ५.५ ते १० मेगाहर्ट्झला, लाल ३ ते ५.५ ला, पिवळी २०० ते ५०० किलोहर्ट्झला. सेटजवळ माणूस कोण बसणार, यावर यंत्राची सगळी ठेवण ठरली. मला तरी या छंदातला हाच सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

आता हीटरचं, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचं, बघा. फायनलचे, म्हणजे शेवटच्या शक्तिवर्धक टप्प्याचे, दोन १६२५ व्हॉल्व्ह (८०७ या व्हॉल्व्हचेच भाऊ, फक्त हीटर १२.६ व्होल्टचा आणि बेस सात पिनांचा) एकमेकांशी सिरीजमध्ये. ऑसिलेटरचा १६२६ आणि मॅजिक आयचा १६२९ ही दुसरी जोडी. पण १६२६ ला ०.२५ अँपिअर लागतो, १६२९ ला ०.१५. उरलेला ०.१ अँपिअर वाहून न्यायला १६२९ च्या हीटरला समांतर १२६ ओहमचा रेझिस्टर बसवलाय. तो ओपन झाला असेल तर १६२९ वर जास्त व्होल्टेज येतं आणि १६२६ अर्धवट तापतो. म्हणून सेट हाती आला की व्होल्टेज द्यायच्या आधी हा रेझिस्टर मोजा. माझा १२९ दाखवतो, राहू दिला.

चौकोनी पत्र्याच्या डबीतले ०.०५ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर गळत होते. डबी जागेवरच ठेवली, खालून नवे फिल्म कपॅसिटर जोडले. वर्म गिअरवरचं वाळून घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलनं काढून हलकं मशीन ऑइल दिलं. डायल आता लोण्यासारखी फिरते.

डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) पहिली चाचणी ४०० व्होल्टवर घेतली. (विमानात डायनामोटर, बॅटरीवरून जास्त व्होल्टेज बनवणारं यंत्र, ५७५ देत असे. कपॅसिटर रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर लावल्याशिवाय आणि एक हात खिशात ठेवल्याशिवाय आत बोट घालू नका.) मोर्सची की दाबली की सूर किंचित घसरतो. फायनलनं भार घेतला की सप्लाय खचतो आणि त्याच्यासोबत ऑसिलेटरही. त्यामुळे ऑसिलेटरच्या प्लेटला दोन ओबी२ (व्होल्टेज स्थिर ठेवणारे व्हॉल्व्ह) सिरीजमध्ये लावून स्थिर २१६ व्होल्ट द्यायचे ठरवलेत. ते बाहेरच्या सप्लायच्या पेटीत बसतील; मूळ चॅसीला एकही नवं भोक पाडायचं नाही.

त्यानंतर अँटेनाची रोलर कॉइल. तिचे वेढे काळे पडलेत आणि रोलर मध्येच संपर्क सोडतो. चांदीचा मुलामा न खरवडता ती साफ करायची पद्धत कुणी वापरली असेल तर जरूर कळवा. आणि डीएम-३३ डायनामोटर, बंद पडलेला का असेना, कुणाकडे असेल तर मला हवा आहे.