कोणतं खातं?

व्यवसायजन्य फुप्फुसविकारांच्या तासाला मी निवासी डॉक्टरांना 'नॉर्थ अँड साउथ'चा एक तुकडा दाखवते. बीबीसीची २००४ ची मालिका, एलिझाबेथ गॅस्केलच्या कादंबरीवरची. नायिका मार्गारेट गिरणीचं दार उघडते आणि मागांच्या रांगांवर कापूस बर्फासारखा तरंगत असतो. त्यानंतर बायसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, शिकवणं सोपं जातं.

त्या दिवशी तपासणीसाठी बोलावलेले एक रुग्ण वर्गातच बसले होते. गिरणगावातले निवृत्त कामगार, सत्तरी ओलांडलेले. केसपेपरवर 'मजूर, विडी, जुनाट दमा' एवढंच. तुकडा संपला तसे ते म्हणाले, "मॅडम, हे तर साचेखातं. इथं एवढं कुठं उडतं? उडायचं आमच्या कार्डिंगला."

मग त्यांनी वर्गाला कार्डिंग खातं समजावलं. ब्लोरूममधून, म्हणजे गाठी फोडून कापूस मोकळा करणाऱ्या खात्यातून, आलेला कापूस तारांच्या दातांमधून विंचरला जातो. आखूड तंतू, पानांचा चुरा, माती त्या दातांत अडकत जाते. दर काही तासांनी सिलिंडर साफ करावा लागतो, त्याला स्ट्रिपिंग म्हणतात. धूळ त्या वेळी उठते, समोरचा माणूस दिसत नाही. साच्यांवर, म्हणजे मागांवर, सुताला खळ असते, धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात. तिथे आवाजाने कान जातात, कार्डिंगला छाती.

"सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळायची," ते म्हणाले. "मंगळवार-बुधवारपर्यंत मोकळी. पुढं पुढं रोजच."

१९५० च्या दशकात ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड शिलिंग यांनी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्या याच सोमवारच्या तक्रारीवरून. या आजाराला एक्स-रेवर ओळखीची अशी खूण नाही. निदान प्रश्न विचारूनच होतं, आणि आमच्याकडे प्रश्न विचारायला कुणाला वेळ नसतो. 'मजूर' लिहिलं की व्यवसायाचा रकाना भरला.

एलिझाबेथ गॅस्केलने हे विचारलं होतं. ती मँचेस्टरमधल्या धर्मोपदेशकाची बायको, वैद्यकाशी संबंध नाही. कादंबरी १८५४-५५ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली. त्यातली बेसी हिगिन्स आई गेल्यावर लवकरच कामाला लागली, आणि लेखिका खातंसुद्धा सांगते: कार्डिंग. कापसाची तूस फुप्फुसांभोवती गुंडाळते आणि ती आवळते, असं बेसी सांगते. रक्त पडण्याचा उल्लेखही येतो. तो मी क्षयाकडे नेईन, पण त्या खोल्यांत दोन्ही आजार शेजारी शेजारी राहत असणार. पुढे ती उपायही सांगते. खोलीच्या टोकाला धूळ ओढून नेणारं मोठं चाक बसवता येतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काही नाही. काही कामगारांनाही ते नको असतं, कारण तूस पोटात गेली नाही की भूक जास्त लागते. वर्गात बसलेले ते रुग्ण, आमचे काका, हे ऐकून म्हणाले, "आम्हाला गूळ मिळायचा. घशातली धूळ उतरते म्हणायचे." गुळाने फुप्फुसातली धूळ उतरत नाही, पण हवा ओढणाऱ्या यंत्रापेक्षा तो स्वस्त पडतो.

मालिका मला आवडते. बेसीच्या कामात अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिन मनात राहते. तरी कॅमेऱ्याने धूळ मागांवर नेऊन तिला सुंदर केलं, हे मला खुपतं. पडद्यावर नायिका थबकून पाहत राहते असं ते दृश्य, आणि पाहणाऱ्याला त्यात खोकला ऐकू येत नाही.

खरा वाद नंतर झाला. मी निदानात 'बायसिनोसिसची शक्यता, सोबत विडीमुळे श्वासनलिकांचा अडथळा' असं लिहिलं. ज्येष्ठ सहकारी म्हणाले, इतक्या वर्षांनी सिद्ध कसं करणार, विडी पुरेशी आहे. त्यांचा मुद्दा तपासणीच्या दृष्टीने खोटा नाही. कामावर असताना पाळीच्या आधी आणि नंतर फुंकणीची, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजणारी, चाचणी झाली असती तर फरक दिसला असता. आता ती गिरणीच नाही. राज्य कामगार विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे व्यवसायजन्य आजारांच्या यादीत, हा आजार होता, पण आता त्यातून काकांच्या हाती काही पडेल असं मला वाटत नाही. मग विडीचाच उल्लेख ठेवला तर दोष फक्त त्यांचा उरतो, आणि तेवढं मला मान्य नाही. निदान मी तसंच ठेवलं आहे. व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर' खोडून 'कार्डिंग, स्ट्रिपिंग' लिहिलं आणि कोणत्या सालापासून ते त्यांनाच विचारून भरलं.