'जगले ते' : रोमच्या बंदीखान्यात

फौजदारी वकिलीत पस्तीस वर्षं काढलेली बाई सुट्टीवर गेली तरी आधी तुरुंगच शोधते, असं आमचे हे म्हणतात. रोममध्ये चौथ्या दिवशी त्यांचं खरं झालं. कलोसियम, कारंजी, आइस्क्रीम सगळं उरकलं होतं. मी म्हटलं, "अहो, आज कार्केर, रोमचा जुना तुरुंग." ते फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या, कठड्यापाशी सावली बघून बसले. "माझे गुडघे तुझ्या आरोपींना भेटायला येणार नाहीत. तू जाऊन ये."

कॅपिटोलाइन टेकडीच्या पायथ्याशी सुतारांच्या संघाचं एक चर्च आहे. त्याच्या पोटात हा बंदीखाना. वरची खोली दगडी, वाकड्यातिकड्या चौकोनाची. तिच्या जमिनीत एक भोक, माणूस जेमतेम मावेल एवढं. त्याखाली गोल, बुटकी कोठडी, तिचं नाव तुल्लियानुम. आता पर्यटकांसाठी जिना केलाय. तेव्हा जिना नव्हता, कैद्याला त्या भोकातून खाली सोडायचे. रोमन इतिहासकार सॅलस्टने हिचं वर्णन केलंय: जमिनीखाली बारा फूट, घाण, अंधार, दुर्गंधी. आता दुर्गंधी नाही, पण ओल आहे. कोठडीत झरा आहे, आणि संत पीटरने पहारेकऱ्यांना बाप्तिस्मा देण्यासाठी तो काढला, अशी श्रद्धा. त्यामुळे माझ्या आजूबाजूचे बरेचजण हात जोडून उभे होते. मी मात्र मान वर करून त्या भोकाकडे बघत राहिले.

एवढ्या मोठ्या शहराचा सरकारी तुरुंग आणि तो एवढासा? कारण तुरुंगवास ही रोमनांच्या लेखी शिक्षाच नव्हती. तुरुंग माणसांना अडकवून ठेवण्यासाठी असतो, शिक्षेसाठी नव्हे, असं उल्पियन या कायदेपंडिताने स्पष्ट लिहिलंय. म्हणजे इथले सगळे कच्चे कैदीच, निकालाची नाहीतर जल्लादाची वाट बघणारे. उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडियाचा राजा जुगुर्था इ.स.पू. १०४ मध्ये इथेच मेला. खाली ढकलल्यावर तो म्हणाला, "तुमचं न्हाणीघर किती गार आहे!" असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो. गॉलचा (आजच्या फ्रान्सचा) सरदार वर्सिंजेटोरिक्स सहा वर्षं कैदेत होता. सीझरच्या विजयमिरवणुकीत त्याला मिरवलं आणि मग संपवलं.

पण मला इथे ओढून आणलं होतं ते ५ डिसेंबर, इ.स.पू. ६३ च्या संध्याकाळने. सत्ता उलथवण्याच्या कॅटिलिना या सरदाराच्या कटातले पाचजण पकडले गेले होते, त्यात लेंटुलस हा तर पदावरचा प्रेटर, म्हणजे बडा न्यायाधिकारी. सिनेट भरली ती इथून चार पावलांवरच्या कॉन्कॉर्डच्या देवळात. त्याचा चौथरा अजून दिसतो. सीझरचं म्हणणं, मालमत्ता जप्त करा आणि वेगवेगळ्या गावी कायमचं डांबून ठेवा. सिनेटर केटो म्हणाला, मृत्यू. त्या वर्षीचा कॉन्सल, म्हणजे राज्याचा प्रमुख, सिसेरोने त्याच रात्री लेंटुलसला स्वतः इथवर आणलं. एकेकाला खाली सोडलं आणि दोरीने गळा आवळला. मग बाहेर येऊन जमावाला एकच शब्द सांगितला, विक्सेरुन्त. 'जगले ते.' मेले म्हणणं अशुभ, म्हणून. आपण नाही का, बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो?

वकील म्हणून माझा आक्षेप तिथेच, त्या ओलीत उभ्या उभ्या तयार झाला. रोमन नागरिकाला देहदंडाविरुद्ध नागरिकांच्या सभेकडे दाद मागता यायची. इथे ना खटला, ना अपील. आणि हे करणारा कोण, तर स्वतः अव्वल वकील! पाच वर्षांनी ते त्याच्यावरच उलटलं. खटल्याशिवाय नागरिकाला मारणाऱ्याला पाणी आणि अग्नी बंद, असा कायदा त्याचा वैरी क्लोडियसने आणला. थोडक्यात, वाळीत. सिसेरो देशोधडीला लागला, त्याचं पॅलेटाइनवरचं घर पाडलं. दीडएक वर्षाने परत आला म्हणा.

बाहेर येऊन ह्यांना उठवलं आणि टेकडीला वळसा घालून टार्पियन कडा बघायला नेलं. तो मात्र फुसका निघाला. झाडोऱ्याने झाकलेला खडक, खाली वर्दळ. टकमक टोकावर उभं राहिल्यावर पोटात जो गोळा येतो, त्याचा इथे मागमूस नाही. पण कडेलोट तोच. बारा पाट्यांच्या कायद्यात, म्हणजे रोमच्या पहिल्या लेखी कायद्यात (इ.स.पू. ४५१-४५०) खोट्या साक्षीदाराला या कड्यावरून लोटायची शिक्षा होती. माझ्या कोर्टात हे कलम असतं, तर दर सोमवारी कड्याखाली ढीग लागला असता.

कडेलोट काय, गळफास काय, निदान हे सगळं माणसाचं नाव घेऊन होत होतं. गुलामाला तेही नव्हतं. इ.स. ६१ मध्ये शहराचा प्रीफेक्ट (मुख्य प्रशासक) पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुना रिवाज असा, की मालक मारला गेला तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. घरात होते चारशे, बायकापोरांसकट. त्यांना वाचवायला रोमचे साधे लोक दगड घेऊन रस्त्यावर उतरले. सिनेटमध्ये कायदेपंडित कॅसियस लोंगिनस रिवाजाच्या बाजूने बोलला, आणि सम्राट नीरोने वाटेवर दुतर्फा सैनिक उभे करून चारशेच्या चारशे मारवले. इतिहासकार टॅसिटसच्या ग्रंथात हे सगळं आहे. त्या चारशेंतल्या एकाचंही नाव नाही.

दुपारी बसने जुन्या आपिया रस्त्यावर गेलो. काळेभोर फरसबंदी दगड, कडेला छत्र्यांसारखी पाइनची झाडं, सायकलवाले. मी ह्यांना सांगितलं, की इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर सेनापती क्रॅससने पकडलेले सहा हजार गुलाम कापुआपासून रोमपर्यंत याच रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवले.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त. "कापुआ किती लांब?"

"दोनशे किलोमीटरच्या आसपास."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तेहतीस मीटरला एक."

आणि दुखऱ्या गुडघ्यांनी उठून त्यांनी रस्त्याच्या कडेने मोजून पावलं टाकली. त्रेचाळीस झाल्यावर थांबले, वळले आणि तिथूनच माझ्याकडे बघत उभे राहिले. तेवढ्या अंतरावरून मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता.