दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी: आवाज आणि स्पर्श असलेलं डिजिटल कॉमिक करताना

गोदावरीला, म्हणजे नाशिककरांच्या गंगेला, पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे बातम्यांत येतं. घाटावर मात्र एकच विचारणा असते, दुतोंड्याला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला? रामकुंडाजवळची ही मूर्ती म्हणजे नाशिकची मोजपट्टी. बोटाने वर सरकवत वाचायच्या उभ्या कॉमिकसाठी याहून चांगला विषय आम्हाला सुचला नसता. भांडी बाजारातलं एक दुकान, श्रावणातला एक दिवस आणि चढत जाणारं पाणी, एवढीच गोष्ट. ४२ चौकटी. त्यात आवाज आणि स्पर्श घालताना जे करावं लागलं, जे फसलं आणि का फसलं, ते इथे लिहितोय. असं काही करू पाहणाऱ्याचे दोन-तीन महिने तरी वाचावेत.

आधी पानाचं माप. उभ्या कॉमिकसाठी ८०० पिक्सेल रुंदी रुळलेली आहे. आम्ही १६०० वर रेखाटून ८०० वर उतरवलं, म्हणजे रेषा स्वच्छ राहते. पूर्ण भागाची उंची ३१,००० पिक्सेल झाली. ती १,२४० पिक्सेलच्या २५ तुकड्यांत कापली. एकच लांब चित्र ठेवलं तर जुना फोन ते उघडतानाच अडकतो. प्रत्येक तुकड्याची रुंदी आणि उंची कोडमध्ये आधीच लिहून ठेवायची. ती नसली तर चित्र उशिरा उतरल्यावर खालचं सगळं ढकललं जातं आणि आवाज चुकीच्या चौकटीवर वाजतो. आम्ही दोन दिवस आवाजाच्या कोडमध्ये चूक शोधत होतो, ती होती चित्राच्या उंचीत.

अक्षरांबद्दल एवढंच: ८०० च्या पानावर ३० पिक्सेलपेक्षा लहान देवनागरी लिहू नये. ३६० पिक्सेल रुंद पडद्यावर ते साडेतेरा होतं. त्याखाली गेलात की रफार आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात.

आता आवाज. कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरतात आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा सांगतात. चित्र केव्हा पालटायचं हे सांगणाऱ्याच्या हातात असतं, म्हणून गाणं आणि चित्र बरोबर चालतात. फोनवर ते पालटणं वाचणाऱ्याच्या अंगठ्यात गेलं आहे. कुणी चौकटीवर दोन सेकंद थांबतो, कुणी वीस. त्यामुळे ज्या आवाजाला स्वतःची ठरलेली लांबी आहे, तो इथे अडचणीचा ठरतो. हे आम्हाला उशिरा कळलं. सुरुवातीला चार फुग्यांतले संवाद बोलून ध्वनिमुद्रित केले होते. जे वाक्य डोळा दोन सेकंदांत वाचतो त्याला तोंडी पाच सेकंद लागतात. पुढची चौकट आली तरी मागचा दुकानदार बोलतोच आहे. चारही काढून टाकले. माणसाचा आवाज एकाच ठिकाणी ठेवला: लांबून गाडीवरच्या भोंग्यावरून होणारी सूचना. तिचे अर्धे शब्द कळत नाहीत आणि कळायची गरजही नाही. संगीत अजिबात नाही. ‘आता घाबरा’ असं सांगणारे तंतुवाद्यांचे सूर घातले की चित्राचं काम मागे पडतं.

उरलेले आवाज तीन जातींचे. मागे सतत चालणारा पाऊस आणि प्रवाह; एकदाच होणारे, जसं शटर खाली येणं; आणि वाचकाच्या बोटाला बांधलेले. एक नियम सगळ्यांना लावला: चौकटीत दिसतंय ते शक्यतो ऐकवायचं नाही, चौकटीबाहेरचं ऐकवायचं. चित्रात दुकानदार वर पाहतोय आणि शटर शेजारच्या गल्लीत पडतंय. असं केलं की ८०० पिक्सेलच्या पट्टीला आजूबाजूचा सगळा बाजार मिळतो.

ध्वनिमुद्रणाला सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा. होळकर पुलावरून घेतलेला पुराचा आवाज घरी ऐकला तर मिक्सर चालू असल्यासारखा. असं होतं कारण उंचावरून मोकळ्या प्रवाहाच्या सगळ्या कंपनसंख्या एकदम येतात, त्यात कानाला धरायला ताल नसतो. ताल लागतो तो पाणी दगडाला भेटतं तिथे. पूर ओसरत असताना, दोराच्या अलीकडे सुरक्षित उभं राहून, देवळाच्या पायऱ्यांवर आपटणारं पाणी घेतलं तेव्हा ‘डुब, डुब, च्यळ्ळ’ असा श्वासासारखा आवाज मिळाला. कॉमिकमधला पूर म्हणजे या दोन्हींचा थर आहे: पुलावरचा घोष अगदी हळू, पायऱ्यांचं पाणी पुढे आणि वर कधीमधी रिकाम्या पातेल्यांची टक्कर. पातेली घरात पाण्याने भरलेल्या टबमध्ये एकमेकांवर ढकलून घेतली. पितळेचं हवं. स्टीलचा आवाज पातळ येतो.

मुद्रणाची मापं: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतपत पातळी. पहाटे पाचच्या आत जावं, नंतर वाहनं आणि लाउडस्पीकर सुरू होतात. घाटावर वाऱ्याला स्पंजची टोपी पुरत नाही, माइकवर केसाळ कव्हरच लागतं. पाहिजे त्याच्या चौपट लांब मुद्रण करा. आम्हाला ४४ सेकंदांचा सलग तुकडा हवा होता, तो तीन मिनिटांतून जेमतेम निघाला, कारण फिरत राहणाऱ्या तुकड्यात ओळखू येणारा एकही आवाज चालत नाही. एक कावळा राहिला तर तो दर ४४ सेकंदांनी ओरडतो आणि वाचकाला चक्र कळतं. पाऊस ४४ सेकंदांचा आणि प्रवाह ३१ सेकंदांचा ठेवला, म्हणजे दोन्हींची तीच जुळणी परत यायला पावणेतेवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात भाग वाचून होतो.

एमपी३ सलग फिरवली की जोडावर बारीक खंड पडतो. एमपी३ बनवणारा एन्कोडर फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो, ती ऐकू येते. आवाज वेब ऑडिओमध्ये (ब्राउझरची आवाज हाताळायची सोय) उघडून फिरण्याची सुरुवात आणि शेवट स्वतः ठरवून दिला की खंड जातो. पण उघडलेला आवाज दाबलेला राहत नाही. स्टिरिओत दर सेकंदाला सुमारे साडेतीन लाख बाइट लागतात. आमचे चार तुकडे मिळून १२० सेकंद, फाईल १ एमबीच्या आत, आणि फोनच्या मेमरीत ४२ एमबी. मोनो केल्यावर २१. फोनच्या स्पीकरवर पावसाला डावं-उजवं काय असणार, त्यामुळे सगळं मोनोच ठेवलं.

त्याच स्पीकरने आणखी एक धडा दिला. हेडफोनवर पोटात घुमणारा पुराचा खर्ज फोनवर गायब. इतक्या लहान स्पीकरमधून साधारण २५० हर्ट्झच्या खालचं जवळपास काही येत नाही. खर्जाची एक प्रत काढून तिला हलकं डिस्टॉर्शन दिलं, म्हणजे त्याच आवाजाच्या वरच्या पट्ट्या तयार होतात, आणि ती मूळ आवाजाखाली मिसळली. मग स्वस्तातल्या फोनवरही पाणी जड वाटायला लागलं. मिश्रण नेहमी फोन टेबलावर ठेवून तपासा, स्टुडिओच्या हेडफोनवर नाही.

ब्राउझर वाचकाने स्पर्श केल्याशिवाय आवाज सुरू करू देत नाही. म्हणून पहिल्याच पडद्यावर दोन बटणं दिली: ‘आवाजासह वाचा’ आणि ‘आवाजाविना वाचा’. पहिल्या बटणाचा स्पर्श हीच परवानगी. आयफोन सायलेंटवर असेल तर वेब ऑडिओ गप्प राहतो, तेव्हा बटणाखाली तशी एक ओळ लिहिली. मध्येच फोन आला किंवा वाचक दुसरीकडे गेला तर आवाज थांबलाच पाहिजे. ब्लूटूथवर आवाज १०० ते २५० मिलिसेकंद मागे पडतो, म्हणून चित्राच्या ठोक्याला आवाजाचा ठोका जुळवण्याच्या भानगडीत पडू नका.

चौकट निम्मी दिसली की तिचा आवाज, असं आधी बांधलं होतं. भराभर सरकवणाऱ्याला एकावर एक पाच शटरं ऐकू आली. मग अट घातली: चौकट २५० मिलिसेकंद पडद्यावर टिकली तरच वाजायचं, आणि एकदाचे आवाज एका वाचनात एकदाच. मागचे आवाज बदलताना १.२ सेकंदांचा उतार-चढ ठेवला. एकदम तोडलं की ‘टक्’ वाजतं. उतार सरळ रेषेत दिला तर मध्यावर खड्डा पडल्यासारखा आवाज बसतो. साइन-कोसाइनच्या वळणाने दिला तर भरीव राहतो.

आणि दुतोंड्या. पान वर सरकतं तेव्हा पडद्यावरचं सगळंच वर जातं, मग पाणी चढलं हे दिसणार कसं? मूर्ती जागच्या जागी रोवायला हवी. त्यासाठी तीन पडद्यांइतकी उंच जागा घेतली, चित्र तिच्यात स्टिकी, म्हणजे पान सरकलं तरी जागेवर राहील असं, ठेवलं आणि पाण्याचा वेगळा थर बोटाबरोबर वर नेला. पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा. आवाजही त्याच बोटाला बांधला: पायाशी पाणी असताना लो-पास फिल्टर (ठरवलेल्या पट्टीच्या वरचे आवाज अडवणारा) ४०० हर्ट्झवर, म्हणजे पूर लांबवर कुजबुजतोय, गळ्याशी ६,००० वर, सगळं अंगावर. वाचक मागे सरकला की पाणी उतरतं आणि आवाजही मागे जातो. कितीतरी जण इथे दोन-तीनदा वर-खाली करतात. हातात पूर धरल्यासारखं वाटतं ते इथेच, आणि हे छापील पानावर शक्य नव्हतं. दोन खोड्या सांगून ठेवतो. कोडमध्ये बाहेरच्या कुठल्याही डब्याला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेला भाग लपवायची सूचना) असेल तर स्टिकी चालत नाही. आणि उंची साध्या व्हीएचमध्ये (पडद्याच्या उंचीवरून मोजायचं एकक) मोजली तर ॲड्रेसबार लपताना पाणी उडी मारतं; बार दिसत असतानाची उंची धरणारं एसव्हीएच वापरल्यावर ते थांबलं.

फोनवर हालचाल कमी करण्याची सेटिंग ज्यांनी लावलेली असते, त्यांच्यासाठी याच जागी पाच स्थिर चौकटी येतात.

निवड एकच ठेवली. पाणी उंबऱ्याशी आलंय, माळ्यावर एकच खेप होईल: पितळी भांडी न्यायची, वजनकाटा न्यायचा की खतावणीच्या वह्या? प्रत्येक वाटेला सहा चौकटी, म्हणजे अठरा काढायच्या आणि वाचकाला दिसणार सहा. याहून जास्त फाटे परवडत नाहीत, म्हणून सातव्या चौकटीला तिन्ही वाटा परत एक होतात. फरक पुढे कानाला कळतो. भांडी खाली राहिली असतील तर पुढच्या सगळ्या चौकटींत ती अंधारात भिंतीला लागत राहतात, ठण्ण, ठण्ण. काटा राहिला असेल तर साखळी एकदा खळखळते आणि बुडते. वह्या राहिल्या असतील तर काहीच नाही. कागद आवाज न करता बुडतो. त्या वाटेवर आम्ही पाऊसही ३ डेसिबलने उतरवला, आणि ज्यांनी तिन्ही वाटा वाचल्या त्यांना हीच सर्वांत जास्त टोचली.

स्पर्शाने उघडणाऱ्या लपलेल्या गमतीही घातल्या होत्या: शटरवर टिचकी, छत्री उघडणं. बहुतेकांना त्या सापडल्याच नाहीत. ज्यांना सापडल्या ते पुढे प्रत्येक चौकटीला टोचत बसले आणि गोष्ट राहून गेली. त्या काढल्या. वाचकाला बोट लावायला सांगायचं तर तिथे स्पष्ट दिसेल असं काहीतरी हवं, आणि ते लावलं नाही तरी गोष्ट पुढे गेली पाहिजे.

आवाजाविना वाचणारे खूप असतात, बसमध्ये, रात्री झोपलेल्या मुलाशेजारी, आणि ऐकू न येणारेही. त्यांची गोष्ट अर्धी राहता कामा नये. मराठीची इथे मोठी मदत होते. रिपरिप, धो धो, खळखळ, डुबुक, पावसापाण्याच्या प्रत्येक तऱ्हेला आपल्याकडे शब्द आहे. हे शब्द हाताने काढून वेगळ्या थरावर ठेवले. आवाज चालू असेल तर पावसाचे शब्द पुसट होतात, कारण ‘धो धो’ वाचणं आणि ऐकणं एकदम झालं की दोन्ही फिकट पडतात. आवाज बंद असेल तर ते गडद होतात, आणि भांड्यांच्या वाटेवर ‘ठण्ण’ चौकटीच्या काठावर अर्धवट कापलेलं दिसतं.

जुने लोक महापुराचं माप घाटावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवरून सांगतात. आमचं पाणी तिच्या काठाला टेकतं तिथे घंटा वाजवायचा मोह झाला होता, मुद्रणही झालं होतं. ते वापरलं नाही. त्या चौकटीवर फिल्टर तीन सेकंदांत ३०० हर्ट्झवर येतो, म्हणजे आपणच पाण्याखाली गेल्यासारखं ऐकू येतं.

त्यानंतर दुसरी सकाळ, दुकानभर गाळ. इथे पाऊस नाही, प्रवाह नाही. फरशीवरून फावडं ओढल्याचा आवाज आहे, दर १२० पिक्सेलला एक ओढ. एकच मुद्रण फिरवलं तर यंत्र वाटतं, म्हणून पाच वेगवेगळ्या ओढी घेतल्या आणि त्या उलटसुलट येतात. बोट थांबलं की फावडं थांबतं.