‘हा देश यादीतच नाही’: तुवालूला जाण्याचा माझा अनुभव

प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या देशाला जाताना सगळ्यात अवघड काय गेलं, असं मला बरेच जण विचारतात. त्यांना वाटतं, लांबचा विमानप्रवास किंवा तिथला समुद्र. माझं घोडं अडलं ते पुण्यातल्या एका परकीय चलनाच्या कार्यालयात, आणि ते आठवलं की आजही डोकं तापतं. कुणी या वाटेने जाणार असेल तर त्याचा वेळ वाचावा, म्हणून हे लिहिते आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत होते. कंकणद्वीपाची, म्हणजे बांगडीसारख्या प्रवाळ बेटाची, आकृती दरवर्षी फळ्यावर काढायची: बाहेर खोल समुद्र, मग प्रवाळाचं कडं, आत लगून म्हणजे कड्याने वेढलेलं उथळ पाणी. निवृत्त झाल्यावर ठरवलं, असा देश बघायचा जो अख्खाच्या अख्खा प्रवाळावर वसला आहे. तुवालूत नऊ बेटं, सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर आणि वस्ती अकरा हजारांच्या आत. त्यातले निम्म्याहून जास्त लोक राजधानीच्या फुनाफुती या कंकणद्वीपावर राहतात. देशातली सगळ्यात उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून पाच मीटर भरत नाही. नदी नाही, ओढा नाही. प्यायचं पाणी म्हणजे पन्हाळीतून टाकीत साठवलेला पाऊस.

पैशांचं आधी सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. मी २०२४ मध्ये गेले. तेव्हा तुवालूत एकही एटीएम नव्हतं. पहिलं एटीएम एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं. तोवर देशभर व्यवहार रोखीनेच व्हायचा. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. राहणं, जेवण, होडी, भाड्याची मोटारसायकल, सगळ्याचे पैसे इथूनच खिशात घालून न्यायचे. आपल्याकडून एका प्रवासासाठी परकीय नोटा जास्तीत जास्त ३,००० अमेरिकन डॉलरच्या मोलाच्या नेता येतात, त्यामुळे माझ्या गरजेपुरते पैसे नियमात आरामात बसत होते. गावातल्या बँकेने मात्र हात वर केले आणि पुण्याला जा म्हणून सांगितलं.

पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट, सगळं जोडलेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने ए-टू अर्ज, म्हणजे परकीय चलन घेण्याचा अर्ज, भरायला घेतला. कुठे जाणार? तुवालू. तिने टाइप केलं, मग यादी खाली-वर केली, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. टर्की होतं, तुर्कमेनिस्तान होतं, त्याखाली थेट युगांडा.

‘मॅडम, हा देश सिस्टीममध्ये नाहीये. तुम्ही फिजीवरून जाताय ना? मग फिजी टाकते.’

मुलगी बोलायला गोड होती आणि तिला माझं काम करायचंच होतं, पण मी नाही म्हणाले. अर्जाच्या तळाशी परकीय चलन कायद्याखाली निवेदन असतं, की वर दिलेली माहिती खरी आहे. त्याखाली सही माझी. शिवाय पैसे खर्च होणार होते तुवालूत. फिजी का लिहायचं?

मग आतले साहेब आले. त्यांनी विचारलं, ‘असा देश आहे का नक्की? कुणाचं तरी बेट असेल. ब्रिटनचं, नाहीतर ऑस्ट्रेलियाचं.’ मी तिथेच उभी राहून त्यांना सगळा इतिहास सांगितला. पूर्वी ही एलिस बेटं. गिल्बर्ट बेटांबरोबर एकाच ब्रिटिश वसाहतीत होती. १९७४ मध्ये लोकांनी मतदान करून वेगळं व्हायचं ठरवलं, १ ऑक्टोबर १९७८ ला स्वातंत्र्य मिळालं, २००० साली संयुक्त राष्ट्रांचा १८९वा सदस्य देश झाला. राजा ब्रिटनचाच, आज चार्ल्स, पण त्याच्या वतीने काम बघणारा गव्हर्नर जनरल तुवालूचा असतो आणि राज्य चालवते त्यांची स्वतःची संसद. फिजीची राजधानी सुवा, तिथलं आपलं उच्चायुक्तालय तुवालूचंही काम बघतं. आपलं सरकार ज्या देशाशी राजनैतिक संबंध ठेवतं, तो देश तुमच्या यादीत का नाही, एवढंच मला सांगा.

साहेब म्हणाले, ‘मेल टाकतो.’

त्यानंतर नुसती टोलवाटोलवी. फोन केला की ‘हेड ऑफिसला पाठवलंय’. परत केला की ‘आयटीकडे आहे’. एकदा तर व्हिसा मागितला. तुवालूला आधी व्हिसा घ्यावा लागत नाही, पोचल्यावर एक महिन्याचा परवाना मिळतो, फिजीलाही भारतीयांना आधी व्हिसा लागत नाही. हे सगळं मी छापून दिलं होतं. तरी फाइलवर शेरा काय, तर ‘व्हिसा प्रत प्रलंबित’. मी मुक्कामाला होते भाच्याकडे. तो म्हणाला, ‘आत्या, टाक ना फिजी, कोण बघतंय?’ मी त्याच्यावरही चिडले.

माझ्या हट्टाचं कारण सांगते. २०२३ मध्ये तुवालूने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती केली. हवामानबदलामुळे उद्या जमीन गेली, तरी तुवालू हे राष्ट्र कायम राहील, असं त्यांनी लिहून ठेवलं. अकरा हजारही नसलेल्या लोकांनी, जमीन पायाखालून जाऊ शकते हे माहीत असताना, आपल्या देशाचं अस्तित्व कायद्यात पक्कं केलं. आणि एका कार्यालयाच्या यादीत नाव नाही, म्हणून मी त्याच्या जागी शेजाऱ्याचं नाव लिहायचं? ते माझ्या हातून होणं शक्य नव्हतं.

शेवटी तिढा सुटला तो दोन अक्षरांनी. प्रत्येक देशाला दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय कोड असतो. भारताचा आयएन, तुवालूचा टीव्ही. डॉट टीव्ही हा पत्ता जगभरच्या व्हिडिओवाल्या संकेतस्थळांना हवा असतो, आणि तो भाड्याने देऊन तुवालूच्या सरकारला चांगलं उत्पन्न मिळतं. मी साहेबांना म्हटलं, नावाने शोधू नका, कोडने शोधा. त्यांनी मागच्या खोलीतल्या माणसाला फोन लावला, दोन अक्षरं सांगितली, आणि देश सापडला. मुख्य यादीत होता, शाखेच्या स्क्रीनवर आलेला नव्हता. अर्जावर ‘तुवालू’ असं छापून आलेलं मी दोनदा वाचलं आणि मगच सही केली. त्या क्षणी जो आनंद झाला, तो मला निवृत्तीच्या निरोप समारंभातही झाला नव्हता.

तर कोड लक्षात ठेवा, आणि चलन घ्यायला प्रवासाच्या बरंच आधी जा. रुपये बँकेतून वळते करा, रोख पन्नास हजारांच्या पुढे घेत नाहीत. शंभर डॉलरच्या नोटा मुळीच घेऊ नका. पाच, दहा, वीस मागून घ्या, नाहीत म्हणाले तरी मागा. फुनाफुतीच्या छोट्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन शंभराची नोट पुढे केली, तर दुकानदार बाई सुट्टे आणायला शेजारी जातात, आणि आपण ओशाळून उभे राहतो.

मुंबई विमानतळावर तोच प्रश्न छोट्या रूपात पुन्हा आला: व्हिसा कुठाय? तिथे वाद घालू नका. विमान कंपन्यांकडे टायमॅटिक नावाची प्रवेशनियमांची प्रणाली असते, ती उघडून बघा एवढंच शांतपणे सांगा. परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय कागदावर जवळ ठेवा.

पुढचं सगळं सुरळीत झालं. फिजीत सुव्याजवळच्या नौसोरीहून पंख्यांचं छोटं विमान अडीचेक तासांत फुनाफुतीला पोचवतं. खिडकीतून खाली पाहिलं आणि माझी फळ्यावरची आकृती समोर होती. बाहेर गडद निळा, मग फेसाची रेघ, मग झाडांची बारीक पट्टी, आत फिकट हिरवं पाणी. फोंगाफाले हे मुख्य बेट बारा किलोमीटर लांब आहे, पण रुंदी काही ठिकाणी इतकी कमी की रस्त्यावर उभं राहून दोन्हीकडचं पाणी दिसतं.

धावपट्टी १९४३ मध्ये अमेरिकन सैन्याने बांधली. एवढी सपाट मोकळी जागा बेटावर दुसरी नाही, म्हणून संध्याकाळी सगळं गाव तिथे असतं. मुलं रग्बी खेळतात, बायका व्हॉलीबॉल, म्हातारी माणसं चटया टाकून बसतात. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो आणि पट्टी रिकामी होते. सरकारी इमारत तिथून चालत काही मिनिटांवर, लगूनच्या काठाला.

त्यांच्या राज्यकारभाराबद्दल तिथे मी खूप जणांना विचारलं, आणि सगळ्यांनी भरभरून सांगितलं. संसदेत १६ सदस्य, आठ मतदारसंघांतून दोन-दोन. राजकीय पक्ष नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये निवडणूक झाली, खुद्द पंतप्रधान हरले, आणि नवा पंतप्रधान निवडायला फेब्रुवारीचा शेवट उजाडला. कारण समुद्र खवळलेला होता आणि बाहेरच्या बेटांवरचे सदस्य बोटीने राजधानीला पोचू शकत नव्हते. मग फेलेती तेओ बिनविरोध निवडून आले. प्रत्येक बेटाचं स्थानिक काम फालेकाउपुले म्हणजे वडीलधाऱ्यांच्या सभेत ठरतं आणि तिच्या शब्दाला वजन असतं.

एक सांगायचं राहिलंच. रविवार धरून काही ठरवू नका. सगळं बंद असतं, लोक चर्चमध्ये असतात. आणि पाणी जपून वापरा. २०११ मध्ये दुष्काळ पडला तेव्हा आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

एका आजींनी मला त्यांचा पुलाकाचा खड्डा दाखवला. पुलाका आपल्या अळूच्या कुळातलं, पण पान माणसाच्या उंचीचं. जमिनीखालच्या गोड्या पाण्यापर्यंत खड्डा खणून त्यात लावतात. मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी सच्छिद्र प्रवाळातून खालून वर येतं आणि मुळं कुजतात. आजींच्या खड्ड्यातली अर्धी पानं पिवळी पडली होती. मुलगा ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणत होता. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या फालेपिली करारानुसार दरवर्षी २८० जणांना तिथे कायम राहायला जाता येतं. २०२५ च्या पहिल्या सोडतीला कुटुंबीय धरून ८,७५० नावं आली, असं मी नंतर वाचलं, तेव्हा मला त्या मुलाचीच आठवण झाली. आजी मात्र जाणार नाही म्हणाल्या होत्या.

परतीचं मुंबईचं तिकीट फुनाफुतीहून निघायच्या दिवसाला चिकटून काढू नका. विमान आठवड्यातून मोजकेच दिवस असतं, आणि हवा बिघडली तर येतच नाही. सुव्यात दोन-तीन रात्री हाताशी ठेवा. ऑस्ट्रेलियन डॉलरबरोबर तिथे तुवालूची स्वतःची नाणीही चालतात, ती तिथेच खर्च करून या. फिजीत ती कुणी बदलून देत नाही.